डागाखालची शीर

आईच्या डाव्या पोटरीवर एक काळपट, पसरट डाग आहे. ती त्याला जन्मखूण म्हणते. लहानपणी सळई तापवून तो तिला दिलेला आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मंगळवेढ्याकडे आमच्या धनगरांत मेंढराचा पाय सुजला की डागायचे, आणि पोरीचा सुजला की तिलाही.

आता त्याच पायाच्या शिरा फुगून गाठी झाल्या होत्या. सोलापुरात डॉ. हिरेमठ शिरेत लेझरची बारीक तार घालून ती आतून भाजून बंद करणार होते. आणि मी कॉलेजात संशोधन करते ते नेमकं याच्यावर, लेझर लावल्यावर आजूबाजूच्या मांसात उष्णता कशी पसरते याचं गणित. मेलेल्या मांसाचं गणित सोपं असतं. जिवंत मांसात रक्त वाहतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. शिवाय डॉक्टर शिरेभोवती गार पाणी टोचतात, त्यामुळे वरची कातडी शिरेपासून उचलली जाते आणि वाचते.

आईच्या सोनोग्राफीची मापं मी मॉडेलमध्ये घातली. सगळं ठीक दिसलं. मग डागाची जागा वेगळी धरून पाहिली. तिथं रक्त कमी, कातडी खाली चिकटलेली, पाणी शिरायला वावच नाही. पडद्यावर तेवढीच जागा लालभडक झाली. आई त्याच जागी दुसऱ्यांदा भाजणार होती.

डॉक्टरांनी चित्र नीट पाहिलं, हे मान्य करते. मग आईला विचारलं, "मावशी, हे भाजल्याचं आहे का?"

"न्हाय वो. जन्मखूण हाय की."

"जन्मखुणेखाली कातडी चिकटत नाही, सोनाली," डॉक्टर म्हणाले. "तुझं गणित बरोबर असेल, पण ते या पायाचं नाही."

मी खरं सांगायला तोंड उघडणार तोच आईने माझा हात घट्ट दाबला. बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकले. "खोटं का बोललीस?"

"डाग म्हटलं की इचारनार, कुनी दिला. मग म्हननार, रानटी मानसं. माज्या बाला कुनी नावं ठिवलेली मला चालायची न्हाईत."

"आणि पाय जळला तर?"

"जळू दे."

हट्टी बाई! पण मीही तिचीच लेक. घरी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला. "ही लाल जागा बघ. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या पोटऱ्यांवर असे डाग आहेत. त्याही दवाखान्यात येणार, त्याही जन्मखूणच म्हणणार. मग त्यांच्या पायांचं काय?"

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग लुगडं खाली ओढून तिने डाग झाकला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं, बहुधा माझ्या कटकटीला कंटाळून. पायच तेवढा बधिर करायचा होता, आई जागी होती. डॉक्टरांनी सुई उचलली तशी ती म्हणाली, "थांबा. जन्मखूण न्हाय ती. डाग हाय."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. "कुणी दिला?"

"बानं. त्याला येत हुतं ते त्यानं केलं. आता तुमाला येतंय ते तुमी करा."

 सोनोग्राफीवर नजर ठेवून डॉक्टरांनी गार पाणी टोचत आणलं. पोटरीवरची कातडी शिरेपासून सुटत गेली. डागाखाली मात्र पाणी शिरेना. दुसऱ्या बाजूने टोचून पाहिलं, तरी तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डागाच्या अलीकडेच लेझर थांबवतो. तेवढा तुकडा औषधाच्या इंजेक्शनने बंद करू."

मला रडू येत होतं, पण तिथं रडायची सोय नव्हती.

काम संपलं. पायावर कुठेच नव्याने भाजल्याची खूण नव्हती. पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी डागावर हलकेच बोट ठेवलं. "मावशी, तेव्हा लई दुखलं असेल, नाही?"

"ठावं न्हाय," आई म्हणाली. "बा एवडा रडत हुता, मी त्याचेच डोळे पुसत बसले."