टिकलीच्या थापा

कॉलेजच्या होडीत टिकली सगळ्यात हलकी, आणि सगळ्यात जोखमीचं काम तिचंच. वल्ही मारणारे आठही जण पाठमोरे बसतात. पुढचं दिसतं ते फक्त शेपटाशी बसून सुकाणू धरणाऱ्या टिकलीला, म्हणून ती सांगेल ते प्रमाण. आणि टिकली धडधडीत खोटं सांगायची. पलीकडची होडी पार पुढे गेलेली असली तरी म्हणायची, "दमले ते, आता गाठलंच समजा." शेवटची दहा म्हणून तीस वल्ही मारून घ्यायची. काठावर उतरल्यावर सगळे तिच्या नावानं खडे फोडायचे, आणि पुढच्या शर्यतीत पुन्हा तिच्याच थापांवर जीव तोडून वल्हवायचे. या कामाची रीतच तशी आहे. खरं बोलणाऱ्याची होडी मागे राहते.

त्या दिवशी मात्र होडी पाण्यात नव्हती. जेवणघरातली टेबलं भिंतीला लावून मधोमध वल्हवण्याच्या सरावाचं मशिन मांडलं होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मुलं पाळीपाळीनं त्यावर बसणार आणि त्याचं चाक क्षणभरही थांबू देणार नाहीत, या बोलीवर त्यांनी गावभर देणग्या कबूल करून घेतल्या होत्या. मदत जाणार होती बरं न होणाऱ्या रोग्यांच्या वॉर्डाला. कल्पना खांबाची. खांब म्हणजे होडीतला सगळ्यात उंच गडी, आणि त्याचे वडील त्याच वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होते. शेवटची पाळी माझीच, असं त्यानं सगळ्यांना आधीच बजावलं होतं.

दुपार कलली तेव्हा खांब त्या शेवटच्या पाळीवर बसला, आणि ऊन उतरेतोवर त्याच्या तळव्यांची सालटी निघाली होती आणि दांड्याला रक्त लागत होतं. टिकलीला बघवेना. तिनं आपलं नेहमीचं दुकान उघडलं. आधी म्हणाली, सरांनी तुला बोलावलंय. मग म्हणाली, फोटोवाला बाहेर ताटकळतोय. खांब तिला पुरता ओळखून होता. तो नुसता हसला आणि वल्हवत राहिला.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. पाळीच्या वेळी सगळ्यांचे फोन टिकलीकडेच असत. तिनं उचलला. पलीकडे त्याची आई होती.

"बाळा, त्याला लगेच पाठव. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही. हे सारखे त्याचंच नाव घेतायत."

टिकली मशिनशेजारी गुडघ्यांवर बसली. "खांबा, ऊठ. काकूंचा फोन होता. काकांना जास्त झालंय, तुला बोलावतायत."

खांबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे अति झालं हं," तो धापा टाकत म्हणाला. "काहीही बोल, पण बाबांवरून नको."

तिनं गळ्याची शपथ घेतली. पण शपथा ती प्रत्येक शर्यतीत घेत आली होती. तिनं उलट फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. आई परत खाटेपाशी गेली असणार. ती कप्तानाकडे धावली, तू तरी सांग म्हणून विनवू लागली. कप्तानानं तिच्या पाठीवर थाप मारली. नाटक झकास आहे म्हणाला, पण आता थोडंच राहिलंय, मारू दे त्याला. टिकलीला रडू फुटलं. गेल्या शर्यतीत तिनं रडूनही दाखवलं होतं, त्यामुळे त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. एकदा, फक्त एकदा कुणीतरी आपलं खरं मानावं, म्हणून तिचा जीव नुसता तडफडत होता.

मग तिनं दांड्यावर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याला लोंबकळली. खांब तिच्या दुप्पट. त्यानं तिला दांड्यासकट ओढलं, हिसडलं, पण तिनं सोडला नाही. चाकाची घरघर उतरत गेली आणि बंद पडली.

"गेल्या सगळ्या देणग्या!" कप्तान ओरडला. खांब हात उगारून उठला. थांबलेल्या चाकाकडे त्यानं पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. टिकली वाट्टेल ते बोलेल, पण चाक उगाच थांबवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा हात खाली आला.

दोघं धावत सुटली. टॅक्सीत टिकलीनं धीराची एकही थाप मारली नाही.

वॉर्डाच्या दाराशी आई उभी होती. तिच्या तोंडाकडे पाहूनच खांब काय ते समजला आणि भिंतीला टेकला. आईनं त्याचे हात हातात घेतले, सोललेले तळवे पाहिले आणि आपल्या रुमालानं हळूच टिपले.

"शेवटपर्यंत विचारत होते," ती म्हणाली. "मी खोटंच सांगितलं रे. म्हटलं, आला, जिना चढतोय."

"मानलं त्यांनी?" खांबानं विचारलं.

"लगेच मानलं. म्हणाले, माझी कूस बदल, तोंड दाराकडे कर."