मोठ्या आकड्याचे सेल

हेडक्लार्कच्या डिजिटल कॅमेऱ्याला एक खोड होती. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून झाले, की नेमके बायकोच्या वेळेला त्याचे सेल मान टाकत. त्यामुळे अल्बममध्ये आई होती, साडू होता, साडूची नवी गाडीसुद्धा होती. बायको तेवढी कुठेच नव्हती. उद्या ती शाळेतून निवृत्त होणार होती. निदान उद्या तरी ही नामुष्की नको, म्हणून तो दुकानात गेला.

दुकानदाराने चार्ज करायचे दोन प्रकारचे सेल पुढे ठेवले. एकावर क्षमतेचा आकडा २७००, दुसऱ्यावर २०००.

"मोठा आकडा द्या," हेडक्लार्क म्हणाला.

"काका, कॅमेरा कधी बाहेर काढता?"

"पाहुणे आले की. वर्षाकाठी दोनदा."

"मग मोठा नको. तो नुसता पडून राहिला तरी उतरतो. हा लहान महिनोन्महिने टिकून राहतो."

"म्हणजे जास्त तो कमी, आणि कमी तो जास्त?"

"तुमच्यापुरतं, हो."

आयुष्यभर मोठ्या आकड्याला सलाम ठोकलेला माणूस तो; त्याचं डोकंच चालेना. शेवटी त्याने दोन्ही घेतले आणि घरी येऊन बायकोपुढे मांडले.

"उद्या तुझा फोटो यायलाच हवा. कुठले घालू, सांग."

"कुठलेही घाला हो. फक्त पहिला फोटो माझा काढा."

"काढतो की! पण आधी आईचा, मग साडूंचा..." असं म्हणता म्हणता तो अडखळला. कुणाचा फोटो आधी, याबद्दल दुकानदार काहीच बोलला नव्हता.