बैलामागे धावलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. पण कृपा करून मला टेकून उभे राहू नका. मी कागदाची आहे. एका जुन्या कार्टूनपटात बैलाच्या झुंजीचे गोल मैदान होते, त्या मैदानाची मी भिंत. लांबी आठ हात, आणि माझ्यावर बसलेले नऊ प्रेक्षक.

माझा जन्म एका चित्रशाळेच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथल्या खिडक्यांना काचा कमी आणि पुठ्ठे जास्त होते. मला रंगवणारी मुलगी नवीन होती. पहिल्या चित्रपटात चुकलीस तर घरी, असे तिला बजावून ठेवले होते. संध्याकाळी तिचे बाबा तिला न्यायला येत. त्यांचे इस्त्रीचे दुकान होते. दिवसभर उभ्याने लोकांच्या कॉलरी कडक करायच्या. एकदा एका प्रेक्षकाचा चेहरा काही केल्या जमेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, या स्टुलावर बसा बरं. हलायचं नाही."

"बसू? अगं, सवय नाही मला."

तरी बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले, आणि बसल्याबरोबर त्यांनी कानापर्यंत जांभई दिली. मुलीने इमानेइतबारे जांभईच रंगवली.

मग माझी नोकरी सुरू झाली. बैल आणि त्याच्याशी झुंजणारा, दोघेही पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदांवर काढलेले. ते माझ्यावर ठेवायचे आणि कॅमेऱ्याखाली मला इंचाइंचाने सरकवायचे. बैल जागच्या जागी पाय हलवी. माझे एक टोक दुसऱ्या टोकाशी हुबेहूब जुळत असे, म्हणून मी संपले की पुन्हा मीच सुरू. लोक म्हणतात, बैल काय धावलाय! मित्रांनो, बैल तसूभर हलला नाही. धावले मी. बावीस फेऱ्या.

विनोद रचणारे गृहस्थ स्वतः कधी हसत नसत. सगळे त्यांना गंभीरराव म्हणत. त्यांनी काही म्हणता काही सोडले नव्हते. लाल कापडामागे लोखंडी ऐरण, तिच्यावर आपटणारा बैल, मग त्याच्या डोक्याभोवती चांदण्या. नाकातून इंजिनासारखी वाफ. झुंजणारा वाकून नमस्कार करतो आणि नेमकी तेव्हाच त्याची विजार घसरते. बैल कड्यावरून पुढे हवेतच धावत राहतो. खाली पाहिल्यावर मग पडतो. मी हे सगळे इतक्या वेळा पाहिले, की ऐरणीचीही मला कीव येऊ लागली.

चित्रपट जोडून झाला, आणि तो लावून पाहताना गंभीरराव खुर्चीतून उठले. "हा कोण? माझ्या विनोदावर जांभई देतोय? तीही बावीस वेळा?"

"सर, ते माझे बाबा आहेत."

"मग दुसरी नोकरी कुठे मिळते, ते बाबांनाच विचारा. आता पुन्हा रंगवायला वेळ नाही, उद्या खेळ आहे. प्रेक्षकांतल्या एकानेही त्या जांभईकडे बोट दाखवलं, तर परवापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मुलगी बाबांना घेऊन आली. नोकरीचे काही बोलली नाही. बाबांनी खास दुपारी दुकान बंद ठेवले होते. मी पडद्यावर असल्यामुळे मला सगळे सभागृह दिसत होते. ऐरण आली, कोणी हसले नाही. विजार घसरली, एक आजी हसल्या. पण त्या आधीपासूनच हसत होत्या. तिसऱ्या फेरीला एका लहान मुलीने बोट दाखवले. "आई, तो बघ, परत आला!"

आमच्या मुलीने डोळे मिटून घेतले.

पाचव्या फेरीला पहिली रांग हसली. नवव्या फेरीपर्यंत बैलाकडे कोणी पाहीना. सगळे जांभईवाल्याची वाट पाहू लागले, तो आला की स्वतःही जांभई देऊ लागले आणि शेजाऱ्याचा आ पाहून लोटपोट होऊ लागले. मागे उभ्या असलेल्या गंभीररावांनी दोन जांभया दिल्या. एक हाताआड लपवली, दुसरी नाही जमली.

"बाबा, उठा ना! तुम्ही आलात!"

खुर्ची मिळताच बाबा झोपी गेले होते. "हो हो, आलो," ते डोळे न उघडता म्हणाले. "एक कॉलर राहिलीय."

मुलीने त्यांना पुन्हा हलवले नाही.

नोकरी टिकली. "पुढच्या चित्रपटातही असा एक बसवा," गंभीरराव म्हणाले. याला त्यांच्याकडे कौतुक म्हणत.

आणि मी? बैल ज्या कागदांवर होता, ते धुऊन पुन्हा वापरले. मला गुंडाळून गळक्या छताखाली ठेवले. पुढे कोणी कोणी माझे तुकडे फाडून त्यांत रंगाच्या बाटल्या गुंडाळल्या. आठ प्रेक्षक असे गेले. अनेक वर्षांनी चित्रशाळा बंद झाली, तेव्हा मुलीला उरलेली मी सापडले, चुरगळलेली. ती मला थेट दुकानात घेऊन गेली.

बाबा अजून उभेच होते. त्यांनी मला पालथे घातले, वर ओलसर फडके अंथरले आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. आयुष्यात मला इतके बरे कधी वाटले नव्हते. मग त्यांनी मला उलटले.

"कपाळावरची एक सुरकुती जात नाहीये गं."

"ती रंगवलेली आहे, बाबा. ते तुम्ही आहात."

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि वाकून पाहिले. म्हणाले, "बसलेला दिसतो मी."

आता मी टेबलासमोर टांगलेली असते. गिऱ्हाईक आले, की बाबा इस्त्रीच्या टोकाने दाखवतात, "हा मी. बसलेला." आणि पुढचा शर्ट घेतात, उभ्यानेच.

तेव्हा मित्रांनो, बैल धावताना दिसला की जरा भिंतीकडेही पाहा. आणि घरात कोणी दिवसभर उभे असेल, तर त्याच्यापुढे एक खुर्ची सरकवा. तेवढे मात्र मला सांगू नका. मी पुष्कळ सरकले आहे.