मोठं घर पांढरं

प्राचीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मोबाइल फ्रेंच शिकवणाऱ्या सविता मॅडमच्या टेबलावर ठेवला. दुमजली बंगला, पुढं फरसबंद अंगण.

“सांग आता. मोठं आधी, रंग मागून.”

“ऊन ग्रांद... मेझोन...”

“न् म्हणायचाच नाही. नाकात सोडून द्यायचा. परत.”

“मेझों. ब्लांश.”

मोठं.
घर.
पांढरं.

घर तिचं नव्हतं. मॅडमनी आपापल्या घराचा फोटो आणायला सांगितला होता, आणि पत्र्याच्या दोन खोल्यांना अकरा जणांसमोर विशेषण लावायला तिची जीभ वळेना. वडगाव रासाईत आई जिथं कांदा निवडायला जाते, तो जयसिंगरावांचा बंगला तिनं आणला. शिरूरच्या क्लासमध्ये कोण ओळखणार होतं?

“आन् ही कोण गं, खाली?” मागच्या बाकावरून अपेक्षा वाकली. ती राहू गावची, आजच क्लासला आलेली.

फोटोच्या कोपऱ्यात, कांद्याच्या ढिगाशी, प्राचीची आई होती. लेकीनं मोबाइल धरलेला पाहून तिला वाटलं, आपलाच फोटो काढतेय. पदर सारखा करून ती ताठ बसली होती.

“कामाला येतात त्या,” प्राची म्हणाली.

कामाला.
येतात.
त्या.

निदान ‘त्या’ म्हणाली.

“छान. मग त्यांच्यावरही एक वाक्य होऊ दे,” मॅडम म्हणाल्या.

“ऊन... ऊन फाम...” एक बाई. पुढं काही येईना. मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला उभं केलं. अपेक्षा फोटोकडंच बघत होती.

क्लास सुटल्यावर तिनं प्राचीला जिन्यात गाठलं.

“जयसिंगराव माझे सख्खे मामा हायेत.”

प्राचीनं भिंतीला हात टेकला.

“सांगणारेस मॅडमना?”

“सांगायचं आसतं तर तवाच सांगितलं आसतं.” अपेक्षा एक पायरी उतरून थांबली. “रविवारी मामाकडं गेल्ते. मी फ्रेंच लावतीय म्हटल्यावर करुणामावशी हातातला कांदा टाकून उठल्या. म्हणाल्या, माझी प्राची बी शिकती. मामी म्हणाली, व्हय? मग म्हणून दाखव की एखादा शब्द. समद्या बाया हसाय लागल्या.”

“मग?”

“दाखवला म्हणून. तू घरी पाठ करती ते ऐकून आलाय म्हणं.”

“कुठला?”

“मा फीय.” अपेक्षानं ओढणी खांद्यावर टाकली. “माझी लेक. मामीला अर्थ बी सांगितला.”

खालून कुणीतरी वर येत होतं. दोघी भिंतीला सरकल्या. तो माणूस निघून गेला तरी प्राची सरकूनच उभी होती.

“चुकीचा म्हणाली आसंल,” ती म्हणाली.

“न्हाई. बरोबर म्हणल्या,” अपेक्षा म्हणाली. “आन् मोठ्यानं.”