दहा ते बारा रिकामं आहे

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या झुंबरबाईंच्या शेतात येणारं पाणी बंद झालं. पाळी त्यांचीच होती, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. कालव्याला पाणी सोडण्याच्या या फेरीतली, या आवर्तनातली ती शेवटची पाळी. सहाला कालवाच बंद होणार होता. बियाण्याचा कांदा ऐन फुलावर होता आणि चाळीस वाफ्यांपैकी बारा भिजले होते.

मित्रांनो, ते पाणी मी तोडलं.

मी एक झाड आहे, पण मातीतलं नाही. राहुरीच्या ज्योतीने अडीच वर्षांपूर्वी संगणकाच्या हास्केल नावाच्या भाषेत मला लिहिलं. संगणकवाले मला इंटरव्हल ट्री, म्हणजे वेळेच्या तुकड्यांचं झाड, म्हणतात. माझ्या प्रत्येक फांदीवर पाण्याची एक पाळी असते. ती कधी सुरू होते, कधी संपते, हे तिथे लिहिलेलं असतं. शिवाय तिसरा एक आकडा असतो. ही पाळी आणि तिच्याखालच्या सगळ्या पाळ्या धरून, सगळ्यांत उशिरा संपणारी कितीला संपते, ते तो सांगतो. "दहा ते बारा कुणाचं पाणी आहे का?" असं विचारलं की मी आधी हा तिसरा आकडा बघतो. तो दहाच्या आतला असेल तर त्या फांदीत मी शिरतच नाही. म्हणून दोनशे खातेदारांचं उत्तर मी डोळ्याचं पातं लवायच्या आत देतो.

माझ्या भाषेचा एक दंडक आहे. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. नवी पाळी आली की मूळ झाडाला कुणी हात लावत नाही. बदललेल्या तेवढ्या फांद्या नव्या घडतात, बाकीच्या जुन्याच वापरात राहतात आणि एक नवा मी उभा राहतो. जुना मी होता तसाच मागे राहतो.

चारीवर माझं कौतुक झालं. दारं उघडणारे पाटकरी भिमाजी यांनी आपली वही गुंडाळून माळ्यावर टाकली. "आता भांडनं न्हाईत. मोबाईल सांगंल तसं दार उघडायचं," असं ते चहाच्या टपरीवर सांगत.

पण चारीचा एक रिवाज माझ्याही आधीचा आहे. जनावरांच्या हौदाला पाणी कुणी नाकारत नाही. ज्याची पाळी असेल त्याला पाटकरी विचारतो, तो होकार देतो आणि चालू पाळीतच अर्धा तास हौदाचं दार उघडतं. एरवी हौद दिवसातून एकदा भरायचा. यंदा उन्हं कडक, म्हणून मंगळवारी दोनदा भरला. सातला आणि पुन्हा साडेआठला. दोन्ही वेळा झुंबरबाईंनी होकार दिला आणि भिमाजींनी दोन्ही वेळा माझ्याकडे नोंद केली.

पावणेदहाला चारीच्या तोंडाशी ऊस असलेल्या आप्पासाहेबांनी मोबाईलवर विचारलं, दहा ते बारा पाणी मिळेल का? मी उत्तर दिलं, रिकामं आहे, मंजूर.

भिमाजींनी ते वाचलं. बाईंनी दोनदा हौदाला सोडलं, तसंच हेही सोडलं असेल, असं त्यांना वाटलं. दहाला त्यांनी आप्पासाहेबांचं दार उघडलं.

साडेअकराला झुंबरबाई खोरं घेऊनच त्या दाराशी पोचल्या.

"भिमाजी, माझं पानी कुनाच्या घशात घातलं रं?"

"मावशे, मंजूर आलं मोबाईलवर. म्या म्हनलं तुमीच व्हय म्हनल्या असाल."

"हौदाला व्हय म्हनले मी! आप्पासाहेबाच्या उसाला शिंगं हायत का शेपूट?"

जमलेले लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "किती वरसं झाली तुला दारावर? आन् आज इमान इकलंस."

भिमाजींनी मान खाली घालून आप्पासाहेबांचं दार बंद केलं. तेव्हा पावणेबारा झाले होते. चारी एकदा उतरली की ती पुन्हा भरत तिथून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायला दोन तास लागतात.

ज्योती लॅपटॉप घेऊन स्कूटरवर आली. तिने माझी मागे राहिलेली सगळी जुनी रूपं एकेक करून उघडली आणि प्रत्येक रूपाला तोच प्रश्न विचारला. हौदाच्या आधीचा मी म्हणाला, पाळी आहे. पहिल्या हौदानंतरचा मीही तेच म्हणाला. दुसऱ्या हौदानंतरचा मी म्हणाला, रिकामं.

मित्रांनो, मी हादरलो. खोटं बोलणारा मीच होतो.

झालं होतं असं. वेळेच्या क्रमाने नोंदी आल्या की मी एका बाजूला कलतो. मग तोल सावरायला गिरकी घेतो, खालची फांदी वर येते आणि वरची खाली जाते. दुसऱ्या हौदाच्या नोंदीने मी कललो, गिरकी घेतली, पहिला हौद वर आला आणि झुंबरबाईंची पाळी त्याच्या खाली गेली. वर आलेल्या फांदीचा तिसरा आकडा आता संध्याकाळचे सहा व्हायला हवा होता. ज्योतीच्या एका ओळीने जुनाच आकडा, दुसरा हौद संपण्याची वेळ म्हणजे सकाळचे नऊ, तसाच वर आणला. मी नऊ वाचले आणि आत बघितलंच नाही. पाळ्या एकामागून एक असतात तेव्हा वर येणारी फांदी शेवटी संपणारीच असते, म्हणून अडीच वर्षं ही चूक कुणाला दिसली नाही. एका पाळीच्या पोटात दोन पाळ्या घालून ज्योतीने मला कधी तपासलं नव्हतं.

"मावशी, भिमाजीभाऊंचा दोष नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "चूक माझी आहे."

"तुजी आसू दे न्हाईतर त्या झाडाची," झुंबरबाई म्हणाल्या. "पानी किती वाजता येतंय त्ये सांग."

ज्योतीने बांधावर बसून ती ओळ दुरुस्त केली. आता मी बरोबर सांगतो. मित्रांनो, माझ्यासारख्याच्या हाती कुणाचं पाणी देणार असाल, तर आधी तिथले रिवाज विचारून घ्या आणि ते घालून मला तपासा. माझ्या वेगावर भाळू नका.

पावणेदोनला पाणी पुन्हा शेवटच्या शेतात पोचलं. कालवा दोन तास उशिरा बंद करावा, असा अर्ज दोन वाजता पाटबंधारे कचेरीत गेला आहे. त्यावर भिमाजींनी स्वतः पहिली सही केली आहे. आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सव्वीस वाफे भिजले, चौदा कोरडे आहेत. झुंबरबाई खोऱ्याने वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरून उभ्या आहेत. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.