वाटाण्याला नायट्याचं मलम

सहादेव अप्पांनी घरात होत्या नव्हत्या तेवढ्या नायट्याच्या मलमाच्या ट्यूबा फवारणीच्या पंपात पिळल्या आणि पंप पाठीला लावून ते वाटाण्याच्या रानात शिरले. तो त्यांच्या आयुष्यातला शेवटचा दिवस. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना तर मुळीच नव्हतं, कारण त्यांचं सगळं लक्ष तुंबलेल्या नोझलकडे लागलं होतं.

या प्रकाराला जबाबदार होती त्यांची लेक, जया. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती पिकांच्या औषधांसाठी नवे रेणू बनवायची. रसायनशास्त्रातली पीएच.डी., खोलीत भिंतभर पुस्तकं, आणि चेहरा असा की पाहुण्यांनी दुसरा चहा मागायला कचरावं. अप्पा नेमके याच्या उलट. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेली माणसं दूध घालून झाल्यावरही अप्पांसाठी थांबून राहायची.

बापलेकीत वर्षानुवर्षं एक सामना चालू होता. अप्पांनी जयाला हसवायचं आणि जयानं हसायचं नाही. सुरुवात शाळेच्या गॅदरिंगला झाली. अप्पांनी हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांसमोरच करून दाखवली, पोरं लोळली, मास्तरांनीही डोळे पुसले, आणि जयानं लाजेनं ओठ घट्ट मिटून घेतले. ते मिटलेले ओठ अप्पांनी मनावर घेतले. तेव्हापासून रोज अंथरुणाला पाठ टेकली की ते बायकोला, राहीबाईला, हळूच विचारायचे, "आज हसली का गं?"

"न्हाई."

"उद्या बघू."

जया हसायची. पण माजघरात पाण्याच्या माठाशी, गच्चीवर, नाहीतर स्कूटरवर हेल्मेटची काच खाली ओढून. अप्पांसमोर कधी नाही.

तर आदल्या संध्याकाळी अप्पा वाटाण्याची दोन-चार पानं खुडून घेऊन आले. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी पडली होती.

"जये, ही बघ. आणि एकदा नीट सांग, तू तिथं करती काय? डेअरीवर लोक इचारत्यात. मी एकाला सांगतो किडनीचं औषध, एकाला सांगतो उंदराचं."

जया त्या दिवशी जरा सैल होती. तिनं सांगितलं, की ही भुरी म्हणजे बुरशी. माणसाच्या अंगावरचा नायटा, तीही बुरशीच. दोघींना जगायला स्वतःभोवती एक पातळ आवरण लागतं, आणि ते धडपणे उभं राहायला एक तेलकट पदार्थ लागतो. आम्ही जो रेणू बनवतो तो त्या पदार्थाचं काम मधेच थांबवतो. आवरण फाटतं, बुरशी मरते.

"मग नायट्याचं मलम आन् तुझं औषध एकच की."

"एक नाही. घराणं एक. सांगाडा तोच ठेवायचा, पण एका बाजूचा तुकडा काढून दुसरा जोडायचा. एक कातडीवर चालतो, दुसरा पानावर. चुलतभाऊ समजा."

"आन् एका भावाचं काम दुसऱ्याला सांगितलं तर?"

"भाऊ झाले म्हणून एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही, अप्पा."

"जमतं की! आपला छगन श्रीमंताला पोरगी दावायला जीप घिऊन गेल्ता. पोरीकडच्यांनी डायवरच पसंत केला."

जया उठली, पाणी पिऊन येते म्हणाली, आणि माठाशी जाऊन ओढणीचं टोक तोंडात कोंबून हसली. बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा. अप्पांनी तो बारकाईनं तपासला आणि निराश होऊन भुरीच्या पानांकडे वळले.

पण छगनची जीप त्यांच्या डोक्यातून गेली नाही. राहीबाईच्या नायट्यासाठी आणलेल्या ट्यूबा फळीवर होत्याच. सकाळी जया कामावर निघायच्या बेतात असताना रानातून आवाज झाला, भस्सकन. शेजारच्या रानातले गोरक्षनाथ, अप्पांचे जन्माचे मैतर, खुरपं टाकून धावले. अप्पांनी तुंबलेल्या नोझलमध्ये तार घालून, डोळा लावून आत पाहिलं होतं, आणि पंपानं नेमका तोच मुहूर्त साधला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत अप्पा पांढरेशुभ्र. मिशीचा तेवढा अंदाज लागत होता.

"आरं सहादेवा, भुरी वाटाण्याला आलीय का तुला?" गोरक्षनाथ म्हणाले.

राहीबाई ओट्यावरून ओरडली, "माझ्या मलमाची नासाडी केली! आता मी काय लावू, शेण?"

"मला घास अंगाला," अप्पा म्हणाले. "सगळं मलम माझ्याच अंगावर हाय."

जया शांतपणे बांधावर आली. आधी तिनं त्यांचा डोळा पाण्यानं धुतला, मग परीक्षेच्या उत्तरासारखं सांगितलं, "मलम तेलकट असतं. ते पाण्यात मिसळत नाही, त्याचे गोळे होतात. आणि अप्पा, हे उलटं मात्र कधी करायचं नाही. फवारणीचं औषध अंगाला लावायचं नाही. चुकूनसुद्धा."

"तेवढी अक्कल हाय मला. म्हनून तर वाटाण्यावर पर्योग केला. तुझ्या आईवर न्हाई केला."

जया वळली, हेल्मेट घातलं, स्कूटरला किक मारली. मागून अप्पांचा आवाज आलाच.

"राहे, हसली का?"

"न्हाई."

"डोळ्यात गेलं म्हनून दिसलं नसंल मला. तू नीट बघितलं का?"

हायवेला लागेपर्यंत जयाला हँडल सरळ धरता येईना. शेवटी एका ढाब्यापाशी स्कूटर लावून, काच खाली ठेवूनच ती पोटभर हसली. ढाबेवाल्याला वाटलं, बाई रडतेय. त्यानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न विचारता निघून गेला.

प्रयोगशाळेत त्या दिवशी 'भावकी' होती. भावकी म्हणजे जयाचा एक हट्टी रेणू. चंबूत सगळं ठरल्याप्रमाणे उकळायचं, जुळायचं, पण नको असलेला एक जोडीदार त्याच्याबरोबर तयार व्हायचा. दोघांना वेगळं करायला काचेच्या उंच नळीत पांढरी पूड भरून वरून मिश्रण ओतायचं. एक आधी खाली उतरतो, दुसरा मागून. हे दोघे मात्र गळ्यात गळा घालून एकाच थेंबात खाली यायचे. घरी कधीतरी जयानं ही तक्रार केली, तर अप्पा म्हणाले, "भावकी हाय ती. वाटणी झाल्याबिगर सुटायची न्हाई." दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून तो शब्द तिथं निसटला आणि लॅबमध्ये सगळ्यांनी उचलला. साहेबांच्या मीटिंगमध्येसुद्धा भावकीच चालायचं. अप्पांना हे तिनं कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्यांनी पगारात वाटा मागितला असता.

दुपारी नळीखाली थेंब पडत असताना गोरक्षनाथांचा फोन आला. अप्पा जेवून बांधावरच्या लिंबाखाली आडवे झाले होते. चहाला उठवायला गेले तर उठले नाहीत.

जयानं फोन ठेवला. हाताखाली काम करणाऱ्या संस्कृती नावाच्या मुलीला म्हणाली, "खालचा कॉक बंद कर. नळी कोरडी पडू देऊ नकोस." मग हातमोजे काढले, घडी घालून ठेवले, आणि घरी गेली.

त्यानंतरचे दिवस माणसांनी गच्च भरलेले. जया रडली नाही. चुलत्या-मावश्या कुजबुजल्या की पोरगी शिकली आणि आतून वाळली. संस्कृती भेटायला आली, जयाचा हात धरून बसली, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणाली, "मॅडम, तुम्ही काळजी करू नका. भावकी अजून एकत्रच येतेय, पण आम्ही सोडणार नाही, वेगळी करूनच दाखवू." ओट्यावर बसलेल्या सगळ्या भावकीनं माना वर केल्या. जीपवाल्या छगनकाकांनी, अप्पांच्या भावानं, तर चहाची बशी खाली ठेवली. ही भावकी चंबूतली, हे त्यांना समजावताना राहीबाईच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि मग ती हमसून रडली.

पण त्या रात्री अंथरुणावर राहीबाई सहज बोलून गेली, "मानूस सुखी गेला गं. यकच राह्यलं त्याचं. तुला हसवायचं. मला रोज इचारायचा आन् मी रोज न्हाई म्हनायची."

जयानं आईच्या अंगावर पांघरूण ओढलं. आईला सांगून काय उपयोग होता? सामना आईशी नव्हता.

दहाव्याला नदीच्या घाटावर मांडव घातला होता. छगनकाका तयारीनं आले होते. कावळा शिवायला वेळ लागला की पुढं होऊन मोठ्यानं वचन द्यायचं, "दादा, जयाचं लगीन आमी लावून देऊ," असं त्यांनी घरून घोकून आणलं होतं. पण कावळा कसला थांबतो! पिंड ठेवणाऱ्याचा हात बाजूला व्हायच्या आत तो उतरला, घास उचलला आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. छगनकाकांचं वचन तोंडातच राहिलं.

"कशातच जीव अडकला नव्हता," बायका म्हणाल्या.

जयाला ते पटलं नाही. पण कावळ्याशी वाद कोण घालणार.

मग प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माईकचा ताबा अजिनाथकडे होता. तालुक्यातल्या प्रत्येक दहाव्याला तोच नावं पुकारायचा आणि लग्नालाही तोच. आवाज दोन्हीकडे सारखाच. पहिले माजी सरपंच श्रीमंतराव उठले. हो, ज्यांना दाखवलेली पोरगी जीपच्या डायवरनं नेली तेच. ते म्हणाले, "सहादेवराव म्हंजे धीरगंभीर व्यक्तिमत्त्व." दुसरे साखर कारखान्याचे एक संचालक, अप्पांना कधी न भेटलेले, म्हणाले, "मितभाषी. मोजकं बोलायचं, पण मोलाचं बोलायचं." गोरक्षनाथांना ठसका लागला. तिसऱ्यांनी कडी केली, "त्यांच्या कन्येनं कॅन्सरवर औषध शोधलेलं आहे, ही आपल्या तालुक्याला अभिमानाची गोष्ट आहे." टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना.

जया ऐकत होती. प्रत्येक भाषणागणिक अप्पा विरघळत होते. पांढऱ्या धोतरातला, हार घातलेला, कधीही कुणाची नक्कल न केलेला एक माणूस त्यांच्या जागी तयार होत होता. हे असंच चालू राहिलं तर मांडव उठेपर्यंत अप्पा उरणार नव्हते, आणि जे त्यांना सांगायचं ते ऐकायलाही कुणी उरणार नव्हतं.

ती उठली. बायकांच्या बाजूनं कुणी उठून माईककडे चाललंय म्हटल्यावर मांडवात कुजबुज झाली.

"ताई," अजिनाथ माईकवर हात ठेवून म्हणाला, "आभार छगनकाका मानणार हायेत. नाव पुकारायचंय त्यांचं."

"मानू दे. मला आभार मानायचे नाहीत."

"मग मी काय म्हणून पुकारू?"

"पुकारू नकोस. दे इकडे."

त्यानं दिला. माईक कचकन शिट्टी वाजवून गप्प झाला. जयाचा आवाज नेहमीसारखाच निघाला, सपाट.

"मी कॅन्सरचं औषध शोधलेलं नाही. मी भुरीच्या औषधावर काम करते आणि तेही अजून जमलेलं नाही. आणि अप्पा मितभाषी नव्हते. गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या नायट्याचं मलम वाटाण्यावर फवारलं."

मांडवातल्या माना वर झाल्या.

"पंप तुंबला. त्यांनी नोझलला डोळा लावला. सगळं मलम तोंडावर आलं. गोरक्षनाथकाका साक्षीदार आहेत."

गोरक्षनाथांनी उपरणं तोंडाला लावलं होतं, पण खांदे हलायला लागले. "मिशी सापडंना त्याची!" ते एकदम म्हणाले, आणि मग त्यांना आवरेना. मागून कुणीतरी खुदकलं. डेअरीवरची माणसं तर वाटच बघत होती. बघता बघता दहाव्याच्या मांडवात हसण्याची लाट उठली, बायकांच्या बाजूलाही पदराआड पोचली. श्रीमंतराव आधी गंभीर राहिले, मग जया जीपबद्दल बोलू लागली तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तेही हसले. प्रवचनकार बुवांनी टाळ मांडीवर ठेवले.

जया मात्र हसत नव्हती. तिनं माईक खाली धरला. तिचं बोलणं आता मांडवासाठी नव्हतं, पण अजिनाथनं बटण बंद केलं नव्हतं, त्यामुळे ते घाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"अप्पा, मी हसायची," ती म्हणाली. "रोज हसायची. आईला दिसायचं नाही. तुमच्यासमोर हसले असते तर तुमचं काम झालं असतं, आणि तुमी थांबला असता. तुमी थांबू नये म्हणून हसत न्हवते."