ओवेन थॉर्नलीची शेवटची शर्यत

ओवेन थॉर्नली स्टुटगार्टजवळच्या आमच्या मोटार-रेसिंग टीममध्ये आला तेव्हा तीन वेळा चॅम्पियन झालेला होता आणि चाळिशीला टेकलेला होता. लँकशायरमधल्या एका बसड्रायव्हरचा मुलगा. लहानपणी कार्टिंग, मग इंग्लंडातल्या छोट्या शर्यती, मग युरोपभर. त्याची सही घ्यायला अजूनही माणसं कुंपणापाशी थांबत. तो थांबे, सही करी, पण कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

त्याची रेस इंजिनिअर म्हणून मला नेमलं. मी धम्मदीपा गजभिये, नागपूरची. रेगेन्सबर्गला मास्टर्स केलं, मग ब्रेकवर काम करता करता शर्यतीच्या धंद्यात शिरले. शर्यत चालू असताना ड्रायव्हरच्या कानात एकच आवाज असतो, तो रेस इंजिनिअरचा. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, टायर किती उरलेत, टायर बदलायला कधी आत पिटमध्ये यायचं, सगळं तोच आवाज सांगतो.

पहिल्याच दिवशी ओवेन म्हणाला, "दीपा, मला धीर द्यायचा नाही. मी घाबरलो तर मला कळतं. तू फक्त आकडे सांग."

"आणि तू चुकलास तर?"

"तर चुकलास म्हण."

मी म्हणत गेले. पहिल्या वर्षी आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली, दुसऱ्या वर्षी एकही नाही. दुसऱ्या वर्षी त्याने नाताळात माझ्या अन्वीसाठी लाकडी गाडी आणली. ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी मराठीत "थँक यू म्हण" म्हटलं की ती जर्मनमध्ये "डांके, ओवेन" म्हणायची, आणि त्याला दोन्ही भाषा कळत नसल्याने तो दोघींना सारखाच हसायचा.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर त्याची गाडी घसरून कठड्यावर आदळली. गाडीचा पुढचा भाग उरला नाही. तो स्वतः बाहेर आला, लोकांना हात केला. तपासणी झाली, पुढच्या शर्यतीत तो दुसरा आला. सगळे म्हणाले, म्हातारा लोखंडाचा आहे.

जूनमध्ये मला पहिल्यांदा खटकलं. वर्कशॉपमधल्या कॉफीच्या खोलीत तो तीन वर्षं रोज जात होता. त्या दिवशी तो कॉरिडॉरच्या टोकाशी उभा राहून उजवीकडे बघत होता, डावीकडे बघत होता. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, फोन विसरलो." फोन त्याच्या हातात होता.

मग रेडिओवर तो एकच प्रश्न दोनदा विचारू लागला. एकदा टेस्टिंगनंतर आम्ही दोघं टायरच्या ढिगाजवळ बसलो होतो, तेव्हा त्याने आपणहून सांगितलं.

"आरशात कधी कधी दोन गाड्या दिसतात."

"म्हणजे?"

"मागे एकच असते, दिसतात दोन. मी बाहेरच्या बाजूची खरी धरतो. बहुतेक वेळा तीच खरी असते."

मी काही बोलायच्या आत त्याने माझं मनगट धरलं. "दीपा, चारच शर्यती राहिल्यात. मी पॉइंटमध्ये पुढे आहे. चौथं विजेतेपद घेऊन मी घरी जातो. हेदरला तसा शब्द दिलाय. हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

हेदर त्याची बायको.

घरी मी अश्वजितला सांगितलं. माझा नवरा स्टुटगार्टच्या एका संस्थेत संशोधक आहे, सावकाश बोलणारा माणूस. तो भाजी चिरत होता, चिरतच राहिला. मग म्हणाला, "उद्या काही झालं तर तो एकटा मरणार नाही ना? ट्रॅकवर बाकीची पोरं आहेत."

"त्याने विश्वासाने सांगितलंय मला."

"हो. मग आधी त्यालाच सांग, की तू बोलणार आहेस."

मी ओवेनला सांगितलं, तू डॉक्टरकडे जा, नाहीतर मी जाते. "तू गेलीस तर मी संपलो," तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून गेला.

मी टीमचे मालक हेर वाइडनर यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आल्झो, फ्राऊ गजभिये, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"गेनाऊ, बरोबर. डॉक्टरांनी त्याला मेमध्ये पास केलंय."

मग मी स्पर्धेच्या डॉक्टरांकडेच गेले. त्यांनी त्याच आठवड्यात ओवेनला बोलावलं. पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले, एका पायावर उभं केलं, बोटामागे डोळे फिरवायला लावले. तो पास झाला. या चाचण्या तो विशीपासून देत आला होता. दर जानेवारीत सगळ्या ड्रायव्हरांची चाचणी होते, पुढे मार लागला तर तुलना करायला. त्याने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं की जानेवारीत तो मुद्दाम अडखळतो, म्हणजे नंतर खरंच अडखळला तरी फरक दिसत नाही. मी तेही डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे सिद्ध कसं करायचं?"

त्यानंतर ओवेन माझ्याशी फक्त रेडिओवर बोलायचा. त्याने दुसरा इंजिनिअर मागितला नाही. वाइडनरनी सुचवलं होतं, तर म्हणाला, "तिचा आवाज मला ऐकू येतो. बाकीच्यांचा नुसता गोंगाट होतो." हे मला मेकॅनिक नागेशने सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं नाही.

नोकरी सोडावी असं तेव्हा रोज वाटायचं. पण मी गेले असते तर तिथे दुसरं कुणीतरी बसलं असतं, ज्याला आरशातल्या दोन गाड्यांबद्दल माहीत नव्हतं. म्हणून राहिले.

शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये हॉकेनहाइमला होती. ओवेन पहिल्या पाचात आला असता तरी चॅम्पियन झाला असता. हवा कुंद होती, बारीक पाऊस धरला होता, ट्रॅक अर्धा ओला, अर्धा सुका. निम्मी शर्यत संपली तेव्हा तो तिसरा होता आणि मस्त चालवत होता. हे खरं आहे, ते मी कुणालाही सांगेन. त्या दिवशी त्याच्यासारखं कुणी चालवत नव्हतं.

मग त्याने विचारलं, "किती लॅप राहिल्या?" मी सांगितलं. पुढच्याच सरळ रस्त्यावर त्याने परत विचारलं. परत सांगितलं.

"डावीकडे कोण आहे?"

"कुणी नाही. तू मोकळा आहेस."

"कॉपी." म्हणजे कळलं. मागे नुसता इंजिनचा आवाज. मग अगदी साध्या सुरात, जणू वाटेत कुणाला पत्ता विचारावा तसं, "दीपा, पुढचा डावीकडे ना?"

पुढचा हेअरपिन होता, गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं वळण. उजवीकडे. वीस वर्षं तो त्या वळणावर ब्रेक मारत आला होता.

"उजवीकडे, ओवेन. उजवीकडे. ब्रेक." तो उजवीकडे वळला. त्याच्या मागे दोन गाड्या, त्यांच्यातली एक एकोणीस वर्षांचा डच मुलगा चालवत होता.

माझ्या शेजारी वाइडनर उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

मी बटण दाबलं. "ओवेन, डाव्या मागच्या टायरची हवा जातेय. बॉक्स, बॉक्स. आत ये."

हवा जात नव्हती. टायर ठणठणीत होता.

"कॉपी," तो म्हणाला, आणि आत आला.

गाडी थांबली. नागेशने टायरला हात लावला आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. वाइडनर ओरडले, "लॉस! सोडा त्याला!" अजून सोडलं असतं तर कदाचित पाचवा आला असता. मी हेडफोन काढला, पिटची भिंत सोडली आणि जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. गाडीच्या नाकाला गुडघे टेकतील इतकी जवळ. ओवेनने रेस दिली. इंजिन माझ्या छातीत वाजत होतं. काचेमागे त्याचे डोळे दिसत होते. ते माझ्यावर होते की माझ्या बाजूला, ते कळत नव्हतं. वाइडनर माझा दंड ओढत होते, मी हलले नाही.

मग त्याने इंजिन बंद केलं.

बाहेर यायला त्याला वेळ लागला. हेल्मेट काढलं, वाकून टायर बघितला.

"टायर ठीक आहे."

"हो."

"तू खोटं बोललीस."

"हो, ओवेन."

तो वळला आणि चालू लागला, पण आमच्या गॅरेजकडे नाही. शेजारच्या टीमच्या गॅरेजमध्ये शिरला आणि तिथे मधोमध उभा राहिला. त्यांचे मेकॅनिक बाजूला झाले. शेवटी नागेश गेला आणि त्याला हाताला धरून घेऊन आला.

त्याच संध्याकाळी मला कामावरून काढलं. पत्रकारांना तांत्रिक बिघाड असं सांगितलं गेलं, पण रेडिओवरचं बोलणं टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि मला गाडीपुढे उभी राहिलेलीही पाहिलं होतं. इंटरनेटवर लोकांनी माझ्या रंगापासून माझ्या आईपर्यंत कुणालाही सोडलं नाही. घरी अन्वीने विचारलं, "हाट एअर गेवॉनेन?" जिंकला का तो? मी नाही म्हटलं. ती रडली. अश्वजितने तिला उचलून आत नेलं.

नोव्हेंबरमध्ये ओवेनच्या मेंदूची नीट तपासणी झाली. हेदरने नेलं होतं. जुना रक्तस्राव होता, एकाहून जास्त जागी. साधी गाडीसुद्धा चालवायची नाही असं सांगितलं. हेर वाइडनरनी नवा ड्रायव्हर घेतला, तो डच मुलगा. मला रेगेन्सबर्गला ब्रेक टेस्टिंगची नोकरी मिळाली. आठवडाभर तिथे, शनिवार-रविवार घरी.

मार्चमध्ये हेदरचा फोन आला. ओवेन ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका पुनर्वसन क्लिनिकमध्ये आहे, येशील का? मी गेले.

तो खिडकीपाशी होता. वजन उतरलं होतं. मला त्याने लगेच ओळखलं.

"डॉक्टर म्हणतात तू मला वाचवलंस," तो म्हणाला. "हेदरही म्हणते."

"तुला काय वाटतं?"

"मी ती शर्यत संपवली असती."

"कदाचित."

"कदाचित नाही. संपवली असती." त्याने मूठ टेबलावर आपटली. ताटली हलली. "माझी होती ती. तुला कुणी अधिकार दिला?"

मी काही तयारी करून गेले नव्हते. म्हटलं, "कुणीच नाही. पण परत तशी वेळ आली तर परत तेच करीन."

"मग जा. इथे येऊ नकोस."

हेदर मला कॉरिडॉरमध्ये सोडायला आली. पांढरी पडली होती, पण रडत नव्हती. म्हणाली, "माफ कर त्याला. त्याला रोज सकाळी आठवत नाही. उठतो आणि विचारतो, शर्यत कोण जिंकलं? मी सांगते, तू नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तो तुला शिव्या घालतो. रोज नव्याने. डॉक्टर म्हणतात, तू जिंकलास म्हणून सांगा, त्याला काय फरक पडतो. दोन दिवस मी तसं सांगितलं."

"मग?"

"खूश झाला. आणि दिवसभर तिथेच बसून राहिला. जेवलासुद्धा नाही. राग आला की उठतो तरी. व्यायामाला जातो, भिंतीवर चेंडू मारतो, जेवतो." तिने माझ्याकडे बघितलं. "पण रोज तुझं नाव घेऊन तसलं बोलतो, ते मला ऐकवत नाही."

आतून ताटलीवर चमचा आपटल्याचा आवाज आला. तो खात होता.

"खरं तेच सांगत जा," मी म्हटलं. "माझं नाव घेऊनच सांग."

तिने होकारार्थी मान हलवली आणि आत गेली. मी कोट घातला आणि बसस्टॉपकडे निघाले.